यंत्राचा हातभार, माणसाची सोबत

पहाटेचे तीन वाजलेले असत. शेजारच्या पलंगावरून आईची हाक येई आणि तिला उठवून कमोडच्या खुर्चीवर बसविण्यासाठी मी तिच्या काखांत हात घालीत असे. आईचे वजन फारसे नव्हते. परंतु ज्या देहाने स्वतःचा भार पेलणे सोडून दिले आहे, तो देह असतो त्याहून कितीतरी जड होतो, हे घरात रुग्णसेवा केलेल्यांना सांगावयास नको. तिच्या अंथरुणाला खिळण्याच्या दुसऱ्या वर्षी माझ्या कमरेने दगा दिला. फिजिओथेरपिस्ट बाई म्हणाल्या, "आता आईंना उचलणं थांबवा." मी विचारले, "मग उचलायचं कोणी?" त्या क्षणभर गप्प राहिल्या.

हाच प्रश्न आज जपानसारख्या संपन्न देशापुढे उभा आहे. तेथे दर १०० माणसांमागे सुमारे २९ जण ६५ वर्षांचे किंवा त्याहून वृद्ध आहेत. त्यांना उठविणारे, न्हाऊ घालणारे, भरविणारे हात मात्र अपुरे पडत आहेत. म्हणूनच तेथील सरकार, संशोधन संस्था आणि कारखानदार गेली अनेक वर्षे यंत्रमानवाकडे, म्हणजेच रोबोकडे, आशेने पाहत आहेत. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेनुसार साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटींहून अधिक होती. मुले परगावी, परदेशी; घरे लहान; आणि सेवेचा भार बहुधा एखाद्या लेकीच्या नाहीतर सुनेच्या कमरेवर. जपानच्या अनुभवातून शिकण्यासारखे आपल्याला पुष्कळ आहे, आणि ते यंत्रे आपल्या दारी येण्यापूर्वीच शिकलेले बरे.

मुळात ‘रोबो’ हा शब्दच मजुरीतून जन्मला. कारेल चापेक या झेक लेखकाने १९२० साली लिहिलेल्या ‘आर. यू. आर.’ या नाटकातून तो जगभर गेला. झेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगारी, सक्तीचे कष्ट. तेव्हा रोबोविषयी विचारण्याचा पहिला प्रश्न असा की, माणसाच्या वाट्याचे कोणते कष्ट त्याच्यावर सोपवावेत? काही ठिकाणी उत्तर अगदी उघड आहे. केरळमधील तरुण अभियंत्यांनी मॅनहोल साफ करणारा ‘बँडिकूट’ नावाचा रोबो तयार केला. ज्या विषारी वायूच्या खड्ड्यात कोणाही माणसाला उतरवू नये, तेथे यंत्र उतरले तर कोण हरकत घेईल?

वृद्धांच्या सेवेत मात्र उत्तर इतके सरळ नाही. ही सेवा म्हणजे एकच काम नव्हे. तिच्यात उचलणे आहे, लक्ष ठेवणे आहे आणि सोबत करणे आहे. या तिन्ही कामांचा स्वभाव वेगळा, म्हणून यंत्राचा न्यायही तिन्ही ठिकाणी वेगळा लावावा लागतो.

उचलणे

२०१५ मध्ये जपानच्या ‘रिकेन’ या नामांकित संशोधन संस्थेने ‘रोबेअर’ नावाचा रोबो जगापुढे आणला. चेहरा अस्वलाच्या गोंडस पिल्लाचा, हात रुंद आणि मऊ. पलंगावरील माणसाला अलगद उचलून चाकांच्या खुर्चीत ठेवावे, ही त्याची करामत. छायाचित्रे पाहून अनेकांना वाटले की, आता प्रश्न सुटला. परंतु त्या अस्वलाचे स्वतःचे वजन १४० किलो होते आणि तो प्रयोगशाळेबाहेर घरोघरी काही पोहोचला नाही.

जेम्स राइट या संशोधकाने जपानमधील एका वृद्धाश्रमात मुक्काम करून अशा यंत्रांचा वापर जवळून पाहिला आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. तेथे उचलण्यासाठी ‘हग’ नावाचे यंत्र आणले होते. थोड्याच दिवसांत सेविकांनी ते बाजूला ठेवले. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ते ढकलीत न्यायचे, जागेवर लावायचे, काम झाले की परत आणायचे, यातच वेळ जाई. शिवाय आजी-आजोबांशी दोन शब्द बोलण्याची संधीही हुके. श्रम वाचविण्यासाठी आलेले यंत्र स्वतःच सांभाळण्याची वस्तू होऊन बसले.

याचा अर्थ यंत्र निरुपयोगी, असा मात्र नव्हे. त्सुकुबा विद्यापीठातील संशोधनातून पुढे आलेला ‘हॅल’ हा अंगावर चढविण्याचा रोबो आहे. स्नायूंना हालचालीची आज्ञा मिळते तेव्हा त्वचेवर जे सूक्ष्म विद्युत्संकेत उमटतात, ते ओळखून तो हालचालीला बळ देतो. त्याचा एक प्रकार चालण्याचा सराव करणाऱ्या रुग्णांसाठी आहे, तर दुसरा कमरेला आधार देणारा असून तो सेवा करणाऱ्याने घालावयाचा असतो. येथे यंत्र माणसाची जागा घेत नाही. उचलणारे हात माणसाचेच राहतात. कंबर तेवढी वाचते.

आमच्या घरी हॅल येणे शक्य नव्हते. आले ते भाड्याने मिळणारे एक साधे यंत्र: लोखंडी दांडा, खाली चाके, वर झोळी. दांड्याची मूठ हातानेच दाबीत राहायची, म्हणजे झोळीतला माणूस हळूहळू वर उचलला जातो. पहिल्या दिवशी झोळीत बसताना आई म्हणाली, "म्हातारपणी मला पाळण्यात घालतेस काय गं?" आणि आम्ही दोघी बऱ्याच दिवसांनी मोकळेपणी हसलो. फिजिओथेरपिस्ट बाईंनी झोळी अंगाखाली कशी सरकवावी, पट्टे कसे अडकवावेत, हे माझ्याकडून दोनदा करवून घेतले. हे शिक्षण घेतल्यावाचून असे यंत्र कोणीही वापरू नये; झोळीतून पडण्याचा धोका हातातून निसटण्याच्या धोक्याइतकाच खरा असतो.

महागड्या यंत्रांची स्वप्ने पाहण्याआधी घरात पुढील गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे: न्हाणीघरात व कमोडशेजारी भिंतीत पक्के बसविलेले धरायचे दांडे, न घसरणारी फरशी किंवा रबरी चटई, उंची कमीजास्त करता येणारा पलंग, रुग्णाच्या कमरेला बांधून आधार देण्याचा रुंद पट्टा. यातले काहीच ‘हुशार’ नाही. पण घरातले पडणे टाळण्यात यांचा वाटा मोठा आहे.

लक्ष ठेवणे

दुसरे काम डोळ्यांचे. जपानमधील अनेक वृद्धाश्रमांत गादीखाली संवेदक बसविलेले असतात. रात्री कोणी उठून बसले की परिचारिकेला सूचना मिळते. त्यामुळे तासातासाला दार उघडून, दिवा लावून झोपमोड करण्याची गरज कमी होते. माणूस पडल्याचे ओळखून घरच्यांना कळविणारी मनगटी घड्याळे आता आपल्या बाजारातही आहेत. एकट्याने राहणाऱ्यांना हा मोठाच दिलासा आहे.

परंतु लक्ष ठेवणे आणि पाळत ठेवणे यांतील सीमारेषा फार पुसट असते. परदेशी असलेल्या माझ्या भावाने काळजीपोटी आईच्या खोलीत कॅमेरा बसवून घेतला. तेव्हा आई हिंडती-फिरती होती. काही दिवसांनी भावाचा फोन आला, "कॅमेरा बिघडला की काय? मधूनमधून अंधार दिसतो." मी जाऊन पाहिले. कॅमेऱ्यावर आईचा टॉवेल टाकलेला होता. लुगडे बदलण्यापूर्वी ती न चुकता तो टाकीत असे आणि मागाहून कधीकधी काढायला विसरे. तिने तक्रार केली नव्हती, आणि आम्ही तिला विचारलेही नव्हते. आम्हा दोघा भावंडांना त्या टॉवेलने जे शिकविले ते कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले नव्हते. कॅमेरा मग आईच्या संमतीने दिवाणखान्यात, बाहेरच्या दाराकडे तोंड करून लावला.

स्मृती शाबूत असलेल्या ज्येष्ठाला विचारल्यावाचून त्याच्या खोलीत कोणतेही पाहणारे किंवा ऐकणारे यंत्र बसवू नये. स्मृतिभ्रंश झालेला असेल तरीही न्हाणीघर व कपडे बदलण्याची जागा वर्ज्य मानावी. दुसरी गोष्ट, सूचना मिळणे म्हणजे मदत मिळणे नव्हे. आई पडल्याचे हजारो मैलांवरच्या मुलाला तत्क्षणी कळले, तरी दार उघडणार कोण? म्हणून घड्याळ घेण्यापूर्वी शेजारच्या काकूंकडे घराची एक किल्ली ठेवावी आणि सूचना जाणाऱ्यांच्या यादीत पाच मिनिटांत पोहोचू शकणाऱ्या माणसाचे नाव सर्वांत वर घालावे. ज्येष्ठ नागरिकांसाठी देशभर चालणाऱ्या ‘एल्डरलाइन’ या निःशुल्क मदतवाहिनीचा १४५६७ हा क्रमांकही फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावा. माहिती, मार्गदर्शन आणि मानसिक आधार यांसाठी तो उपयोगी पडतो.

सोबत करणे

तिसरे काम सर्वांत नाजूक. सोबत करणाऱ्या रोबोंमध्ये जगात सर्वाधिक अभ्यासला गेलेला म्हणजे जपानचा ‘पारो’. ताकानोरी शिबाता या संशोधकाने १९९३ पासून त्यावर काम केले आणि २००५ मध्ये तो जपानमध्ये विक्रीस आला. सील या समुद्री प्राण्याच्या पिल्लासारखे त्याचे रूप, अंग पांढरेशुभ्र आणि लोकरीसारखे मऊ, वजन पावणेतीन किलोंच्या आसपास, म्हणजे नवजात बाळाएवढे. कुरवाळले की तो डोळे मिटतो, हाक मारली की मान वळवितो, अगदी लहान जिवासारखा आवाज काढतो. त्याला वीज भरण्याची तारही बाळाच्या चोखणीच्या आकाराची आहे. कुत्रा किंवा मांजर न करता सीलच का निवडला? कारण कुत्र्या-मांजरांच्या सवयी सर्वांना ठाऊक असतात. खोटे मांजर लगेच खोटे वाटते. सील मात्र फारच थोड्यांनी पाळलेला असतो!

पारोचा खरोखर उपयोग होतो काय? ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या प्राध्यापिका वेंडी मॉयल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्वीन्सलँडमधील २८ वृद्धाश्रमांत स्मृतिभ्रंश झालेल्या ४१५ ज्येष्ठांवर याचा पद्धतशीर अभ्यास केला. एका गटाला आठवड्यातून तीनदा, १५ मिनिटे, असा १० आठवडे पारो दिला. दुसऱ्या गटाला तोच पारो दिला, पण बंद केलेला, म्हणजे केवळ एक मऊ खेळणे. तिसऱ्याची नेहमीची देखभाल चालू ठेवली. २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नेहमीच्या देखभालीच्या तुलनेत पारोमुळे मनःस्थिती सुधारलेली व अस्वस्थता कमी झालेली आढळली. चालू पारोशी ज्येष्ठ अधिक बोलत, त्याच्याकडे अधिक पाहत. परंतु या बोलण्या-पाहण्यातील गुंतणे सोडले, तर साध्या खेळण्यापेक्षा तो सरस ठरला नाही. लाखो रुपयांच्या यंत्राविषयीचा हा निष्कर्ष आपल्या घरांसाठी फार मोलाचा आहे.

तो वाचताना मला आमची उशी आठवली. शेवटच्या वर्षी आईची स्मृती पुरती विस्कटली. दुपार कलली की ती कावरीबावरी होई आणि "बाळ कुठंय? बाळाला कोणी घेतलं?" असे विचारीत राही. एके दिवशी मी एक लहान उशी दुपट्यात गुंडाळून तिच्या मांडीवर दिली. ती शांत झाली. उशीला थोपटीत, काहीबाही गुणगुणत तासभर बसली. घरी आलेल्या एका नातेवाईक बाईंना ते आवडले नाही. "अगं, फसवतेस तिला," त्या म्हणाल्या.

ते शब्द मला पुष्कळ दिवस टोचले. मी आईला फसवीत होते काय? स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला प्रत्येक वेळी कठोर सत्य ऐकवून रडविण्यात शहाणपण नाही, हे आता मला पटले आहे. तिची व्याकुळता खरी होती आणि उशीने मिळणारा विसावाही खरा होता. मात्र दुसरा एक प्रश्न अधिक अवघड होता, आणि तो कोणी विचारला नाही, माझा मीच विचारला. उशी दिली की मला एक तास मिळे. आरंभी त्या तासात मी चार घास सुखाने खात असे, डोळा लागे. हळूहळू आई कावरीबावरी होण्याची वाट न पाहताच मी उशी पुढे करू लागले. ती काही सांगू पाहत असताना उशी. तिला नुसते जवळ बसलेले कोणी हवे असताना उशी. ती उशी मी तिच्यासाठी देत होते की माझ्यासाठी?

सोबतीच्या यंत्राचा धोका आहे तो येथे. यंत्राशी मन जडते यात नवल नाही आणि त्यात म्हातारपणाचा भोळेपणाही नाही. १९६६ मध्ये जोसेफ वायझेनबॉम या शास्त्रज्ञाने ‘एलिझा’ हा माणसाशी संवाद साधणारा संगणकाचा साधासा कार्यक्रम रचला, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या सचिव बाईंनी त्याच्याशी बोलताना, "आपण जरा बाहेर थांबता का?" अशी विनंती केली होती. त्या वृद्धही नव्हत्या, अडाणीही नव्हत्या. मन जडणे हा माणसाचा धर्मच आहे. धोका आहे तो भोवतालच्यांनी निश्चिंत होण्यात. ‘आजोबांना बोलायला यंत्र आहे’ असे म्हणून नातवाचा रविवारचा फोन बंद झाला, तर यंत्राने सोबत दिली असे न म्हणता सोबत तोडली असेच म्हणावे लागेल.

शिवाय यंत्राची सोबत त्याच्या निर्मात्याच्या मर्जीवर असते. सोनी कंपनीने १९९९ मध्ये ‘आयबो’ हा यंत्रकुत्रा आणला, २००६ मध्ये त्याचे उत्पादन थांबविले आणि २०१४ मध्ये दुरुस्तीही बंद केली. ज्यांचे कुत्रे कायमचे थांबले अशा कुटुंबांसाठी जपानमधील इसुमी येथील एका बौद्ध मंदिरात त्या कुत्र्यांचे अंत्यविधीही झाले. आपल्याला याचे हसू येईल. पण त्या मालकांचे दुःख खोटे नव्हते. पुढे २०१८ मध्ये नवा आयबो आला खरा, परंतु जुन्या कुत्र्याला जीव लावलेल्याला नव्याचे काय?

घरी यंत्र आणण्यापूर्वी

औषधाची वेळ सांगणारी डबी असो, बोलणारे यंत्र असो वा उद्याचा एखादा रोबो. खरेदीपूर्वी कुटुंबाने एकत्र बसून, आणि ज्येष्ठ व्यक्तीलाही बरोबर घेऊन, हे प्रश्न विचारावेत:

१. ज्यांच्यासाठी यंत्र आणायचे, त्यांना ते हवे आहे काय? नको वाटल्यास त्यांना स्वतःला ते बंद करता येईल काय?

२. यंत्र चालवायचे, पुसायचे, चार्ज करायचे कोणी? ते काम पुन्हा त्याच थकलेल्या व्यक्तीवर तर पडत नाही ना?

३. वीज गेली, इंटरनेट बंद पडले किंवा कंपनीने सेवा थांबविली, तर पर्यायी व्यवस्था कोणती?

४. यंत्र जे पाहते व ऐकते ते कोठे साठते आणि कोणाला दिसते?

५. हेच काम एखादा दांडा, पट्टा, साधी घंटा किंवा दिवसाचे चार तास येणाऱ्या मदतनीस बाई अधिक चांगले करतील काय?

बोलणाऱ्या यंत्राच्या सांगण्यावरून औषधाची मात्रा कधीही बदलू नये. तो अधिकार डॉक्टरांचाच. बँकेचा ओटीपी किंवा पासवर्ड कोणत्याही यंत्रापुढे उच्चारू नये.

या पाचांखेरीज एक सहावा प्रश्न आहे, आणि माझ्या मते तोच मुख्य: यंत्राने वाचविलेला वेळ कोठे जाणार? राइट यांनी पाहिलेल्या वृद्धाश्रमात ‘पेपर’ नावाचा बोलका रोबो ज्येष्ठांकडून व्यायाम करवून घेई. पण त्याच्याशेजारी एका सेविकेला उभे राहून तेच हातवारे करून दाखवावे लागत. तेथे वेळ वाचलाच नाही. आमच्या उशीने वेळ वाचविला, पण तो आईपासून दूर जाऊ लागला. झोळीच्या यंत्राने मात्र माझी कंबर वाचविली, आणि त्यातला थोडा वेळ आईला परत मिळाला.

सेवा करणाऱ्यानेही विश्रांती घ्यावी, झोपावे, देवळात जावे, मैत्रिणीकडे जावे. यंत्राने वाचविलेल्या वेळेवर त्याचा पहिला हक्क आहे आणि त्यात अपराध मानण्याचे कारण नाही. थकलेल्या हाताने केलेली सेवा रुग्णालाही रुक्ष लागते. मात्र त्या वेळेचा एक लहानसा वाटा, पाव तास का होईना, ज्याच्यासाठी यंत्र आणले त्याच्यासाठी राखून ठेवावा.

मी उशी टाकून दिली नाही. तिचे तास कमी केले. सकाळी झोळीतून आईला खुर्चीत बसविले की पूर्वी मी कंबर धरून आडवी होत असे. आता मी तिच्या मागे स्टुलावर बसून तिची वेणी घालू लागले. केस उरले होते किती! तरी मी सावकाश तेल लावी, तीन पेड घाली. एकदा तिने मागे हात करून माझे मनगट चाचपले आणि विचारले, "कोण गं?" मी नाव सांगितले. ते तिला ओळखीचे वाटले की नाही, कोण जाणे. पण तिने हात सोडला नाही, म्हणून त्या दिवशी वेणी अर्धीच राहिली.